दाढेतली चांदी आणि कडेची फट

१/ किडलेल्या दाढेत ‘चांदी भरली’, ‘सिमेंट भरले’ असे मराठीत सहज म्हटले जाते. दंतवैद्यकाचा एक दीर्घकाळचा समज या शब्दांत उमटला आहे: दात म्हणजे भिंत, कीड म्हणजे भगदाड आणि उपचार म्हणजे गवंडीकाम.

२/ कीड हे जंतूंचे काम आहे, हे बर्लिनमधील विलोबी मिलर यांनी १८९० मध्येच ग्रंथरूपाने मांडले होते. जंतू साखरेचे आम्ल करतात, आम्ल दात झिजवते. त्याच दशकात शिकागोचे ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक पारा-चांदीचे मिश्रण टिकाऊ करत होते. जंतूंची जाण त्यांनाही होती. पण कीड परतू नये म्हणून त्यांनी भोवतीचा निरोगी भागही कोरण्याचा दंडक घातला. भरलेला पदार्थ कडेचे रक्षण करीत नसे, त्याची किंमत दाताने मोजायची!

३/ १९६२ च्या सुमारास राफेल बोवेन यांचे दातासारख्या रंगाचे रेझिन आले. ते घट्ट होताना आकसते, कडेला सूक्ष्म फट राहू शकते आणि जंतू तिथूनच परत शिरतात.

४/ मग पदार्थातच जंतुनाशक घालण्याचे प्रयत्न झाले. क्लोरहेक्सिडीन झिरपून संपते. जास्त घातले तर भरण ठिसूळ होते. १९९४ मध्ये जपानमध्ये सातोशी इमाझातो व सहकाऱ्यांनी जंतुनाशक रेणू रेझिनच्या साखळीतच गुंफला. तो झिरपत नाही, मात्र स्पर्श होईल तेवढ्याच जंतूंना आवरतो.

५/ भारताने पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१८ मध्ये स्वीकारला. चांदी हळूहळू जाणार. तिच्या जागी काय येणार, हा खरा वाद. रेझिनला कोरडा दात, प्रकाशयंत्र आणि वेळ लागतो. विल्सन व केंट यांनी १९७२ मध्ये मांडलेले ग्लास आयोनोमर सिमेंट ओलसर दातालाही धरते, फ्लोराइड सोडते आणि विजेविना, हाती अवजारांनी भरता येते. ताकदीत मात्र ते कमी पडते.

६/ वसईहून भिवंडीकडे जाताना लागणाऱ्या कामणसारख्या गावातील मजुराला दाढ भरण्यासाठी दिवसाचा रोज बुडवावा लागतो. भरण निकामी झाले, तर दुसऱ्या खेपेस तो बहुधा दाढ काढूनच घेतो. जंतुरोधक संशोधनाचा पहिला हक्क म्हणूनच महागड्या रेझिनचा नव्हे, या साध्या सिमेंटचा आहे. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. अशा सिमेंटची कसोटी तिथल्या प्रयोगशाळेत सुरू व्हावी. पण निकाल कामणमधल्या दाढा पाच वर्षांनी तपासूनच लावावा.