वर्षाला 91 दिवसांची सुटका



डेरा सच्चा सौदाचा प्रमुख गुरमीत राम रहीम पुन्हा चाळीस दिवसांसाठी बाहेर आल्याची बातमी वाचली आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. दोन साध्वींवर बलात्कार केल्याबद्दल 2017 साली वीस वर्षांची शिक्षा झालेला हा कैदी 2023 मध्ये 91 दिवस तुरुंगाबाहेर होता. 2024 मध्येही 91. 2025 मध्येही 91! हरियाणाच्या कायद्यात वर्षाला दहा आठवडे पॅरोल आणि तीन आठवडे फर्लो, ही कमाल मर्यादा आहे. हा कैदी ती दरवर्षी शेवटच्या दिवसापर्यंत वापरतो. नियमाप्रमाणेच चालले आहे, असे सरकार सांगते. मग 2022 मध्ये पंजाबच्या, 2024 मध्ये हरियाणाच्या आणि 2025 मध्ये दिल्लीच्या मतदानाच्या तोंडावरच त्याला रजा कशी मिळाली? भक्तांची एकगठ्ठा मते, याखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही.

आणि बाहेर येऊन हा माणूस काय करतो? जानेवारी 2023 मध्ये बागपतच्या आश्रमात त्याने तलवारीने केक कापला. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात त्याच्या ऑनलाइन सत्संगाला करनालच्या महापौर हजर होत्या. पदावरची माणसेच अशी हात जोडून बसली, तर तक्रार करायची कुणाकडे?

2002 मध्ये अत्याचाराची हकिगत सांगणारे साध्वीचे पत्र पंतप्रधानांकडे गेले, तेही निनावी. सिरसाच्या ‘पूरा सच’चे संपादक रामचंदर छत्रपती यांनी ते छापले. त्याच वर्षी त्यांच्या घराबाहेर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात ते गेले. पुढे बलात्काराच्या खटल्याच्या निकालाला पंधरा वर्षे लागली आणि त्या दिवशी पंचकुलात उसळलेल्या हिंसाचारात तीसहून अधिक माणसे मेली. एवढे सोसून उभ्या राहिलेल्या बायकांनी आता दरवर्षी त्याच्या स्वागताचे व्हिडिओ बघायचे? बलात्काऱ्याला रजा देण्याआधी पीडितेचे म्हणणे ऐकणे सक्तीचे करा, आणि आचारसंहिता लागू असताना असली सुटका बंद करा.

आपल्याकडे महाराष्ट्रात तरी वेगळे काय आहे? अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात हा अधिकारी कोण, असे विचारले, तर कुणालाच सांगता आले नाही. ठाण्यासमोरच्या चौकात मात्र कुठल्याशा बाबाच्या दरबाराचा फ्लेक्स, आणि त्यावर गल्लीतल्या कार्यकर्त्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांचे फोटो. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर ठाण्याच्या दारावर लावायला असा किती खर्च येतो?

– एक वाचक, पुणे