न पडलेली वीज

परवा पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, शनिवारी ओमची मॅच आहे. रग्बीची. आणि इथे चार दिवस पाऊस थांबलेला नाही. सोडू का त्याला?" ओम तेरा वर्षांचा. मागून तिच्या सासूबाईंचा आवाज येत होता. त्यात सर्दी, ताप, परीक्षा आणि 'मामाला काय जातंय सांगायला' एवढे शब्द मला स्पष्ट ऐकू आले.

मी ताबडतोब "सोड" म्हणालो. फोन ठेवता ठेवता पुन्हा म्हणालो, "थांब. सोड, पण आधी त्याच्या कोचला एक प्रश्न विचार." तो प्रश्न काय, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

पावसाचं म्हणाल तर माझं मत एकतर्फी आहे. आपल्याकडे रग्बी हा मुळात पावसाळ्यातला खेळ आहे. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर वर्षानुवर्षं रग्बी रंगते ती पावसातच. कारण साधं आहे. कोरड्या दिवसांत आपली मैदानं विटेसारखी कडक होतात आणि रग्बीत माणूस जमिनीवर आपटणार हे ठरलेलंच असतं. पावसाने माती मऊ झाली की पडणं सोसवतं. या खेळाच्या नियमावलीतल्या पहिल्याच नियमात मैदान गवताचं, वाळूचं, मातीचं किंवा बर्फाचंही चालेल असं लिहिलेलं आहे. चालत नाही ते काँक्रीटसारखं कायमचं कडक मैदान. ज्यांनी नियम लिहिले त्यांना चिखलाची भीती नव्हती.

ओला बॉल साबणासारखा निसटतो. लांब पास चालत नाहीत, जोडीदाराच्या जवळ जाऊन दोन्ही हातांनी बॉल द्यावा लागतो. चपळ, वेगवान पोराची मिजास चिखलात उतरते आणि एरवी मागे पडणारा जाडसर मुलगा एकदम उपयोगाचा ठरतो. मी स्वतः बटालियनच्या संघात स्क्रमच्या पहिल्या फळीत असायचो, डावा कान अजून त्याची साक्ष देतो. मला खेळ कळला तो चिखलात. त्याआधी खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं काढलेली. पाऊस हे पीटी चुकवायचं कारण होऊ शकतं, ही कल्पनाच तिथे कुणाच्या डोक्यात येत नसे. सिंहगडाकडून ढग उतरायचे, उस्ताद आमच्यासोबतच भिजायचे आणि संध्याकाळी सगळा स्क्वॉड्रन ओल्या बुटांच्या वासाने भरून जायचा. भिजल्याने कुणी मेलं नाही.

म्हणून पावसाची चार थेंबं पडली की मॅच रद्द करणाऱ्या शाळांचा मला राग येतो. तसे पालकही मी पाहिले आहेत. गाडीची काच दोन बोटं खाली करून पोराला हाका मारणारे.

पण पावसातही पाहण्यासारख्या गोष्टी असतात. मैदानात पाणी साचलं असेल तर खेळ नको. चार पोरं अंगावर पडलेली असताना खालच्याचं तोंड डबक्यात गेलं तर काय होईल, हे सांगायला नको. गारठतो तो खेळणारा नव्हे, बाकावर बसलेला राखीव खेळाडू. त्याला कोरडा टॉवेल आणि अंगावर काहीतरी हवं. आणि मॅचनंतर प्रत्येक खरचटा साबणाने धुवायचा. मुंबईकरांना लेप्टो म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

माझी भीती दोन गोष्टींची आहे. ऊन आणि वीज.

उन्हाची गोष्ट मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. मी नवा कॅप्टन होतो. छावणी कोणती ते राहू द्या. मे महिना, सकाळचे अकरा. स्थानिक मुलांचे दोन संघ, सगळे चौदा-पंधरा वर्षांचे, आणि मॅच घेणारा मी. सामना आठला सुरू व्हायचा होता, पाहुणे उशिरा आले. उत्तरार्धात एका मुलाने बॉल उचलला आणि तो स्वतःच्याच गोलरेषेकडे धावत सुटला. आम्ही हसलो. मीही हसलो. त्याच्या संघातली पोरं ओरडत होती, तो हसतही नव्हता आणि ऐकतही नव्हता. चाळीस पावलं गेल्यावर त्याचे गुडघे वळले आणि तो तोंडावर पडला.

अंग तव्यासारखं तापलेलं. मी नाव विचारलं, तो भलतंच काहीतरी बोलत होता. आमचा नर्सिंग असिस्टंट जुना, मुरलेला माणूस. त्याने मला जवळजवळ ढकललंच. गाडी मागवायच्या आधी त्याने पाण्याचा टँकर मागवला, मेसमधला बर्फ मागवला, मुलाला पाण्याने भिजवून त्याच्या काखेत, जांघेत, मानेला बर्फ लावला. उष्माघातात आधी थंड करायचं, मग हलवायचं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्या दिवशी मला ते आठवलं नाही. मुलगा तीन दिवस इस्पितळात राहिला आणि वाचला.

पुढचं ऐका. त्यानंतर माझं कौतुक झालं. 'वेळेवर हालचाल केली' म्हणून. खरं तर ते कौतुक त्या नर्सिंग असिस्टंटचं व्हायला हवं होतं. आणि अकरा वाजता मेच्या उन्हात मॅच चालू का होती, हे मला एकाही माणसाने विचारलं नाही. त्या मुलाच्या वडिलांनीही नाही. ते माझे दोन्ही हात धरून आभार मानत होते.

आता विजेची गोष्ट. ही बरीच अलीकडची, कोलकात्याच्या पोस्टिंगमधली.

कोलकात्याचं मैदान हे प्रकरण मराठी माणसाला समजावून सांगावं लागतं. फोर्ट विल्यम, ज्याचं नाव आता विजय दुर्ग आहे, त्याच्याभोवतीची ही अफाट मोकळी जागा लष्कराच्या ताब्यात आहे. तिथे क्रिकेट, फुटबॉल, घोडे, बकऱ्या आणि रग्बी, सगळं एकत्र नांदतं. रग्बीचं या शहराशी नातं जुनं. 1872 च्या नाताळच्या दिवशी इथे सामना झाला, त्यातून कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. काही वर्षांतच तो बंद पडला. एक ब्रिटिश पलटण बदलून गेली, लोक टेनिस आणि पोलोकडे वळले, फुकटची दारू बंद झाली, आणि इथली हवा या खेळाला मानवत नाही असंही म्हटलं गेलं. बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी एक चषक घडवला, नागांच्या आकाराच्या मुठी आणि झाकणावर हत्ती. तो 1878 मध्ये इंग्लंडला देऊन टाकला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच 'कलकत्ता कप'साठी खेळतात. हवा मानवत नाही म्हणून साहेब सोडून गेला आणि त्याच हवेत आज वस्त्यांमधली, चहामळ्यांमधली पोरं-पोरी अनवाणी सराव करतात. मला याची फार गंमत वाटते.

तर मेअखेरची संध्याकाळ. मुलींची सेव्हन्स स्पर्धा, सोळा वर्षांखालच्या. अंतिम सामन्यात एक संघ शहरातला आणि दुसरा उत्तर बंगालमधल्या एका चहामळ्यातून आलेला. या मुली रात्रभर रेल्वेच्या जनरल डब्यातून आल्या होत्या आणि त्याच रात्री परतणार होत्या. बुटांचे जोड मोजके, बदली खेळाडू आत गेली की बाहेर येणारीने बूट काढून तिला द्यायचे. मैदानाची जबाबदारी त्या दिवशी माझ्याकडे होती.

शेवटची दोन मिनिटं उरली होती. गुण बारा-दहा, मळ्याच्या मुली दोनने मागे, पण बॉल त्यांच्याकडे आणि ट्रायची रेषा पाच मीटरवर. एक ट्राय म्हणजे पाच गुण. ती होणार हे मैदानावरच्या प्रत्येकाला दिसत होतं. तेवढ्यात हुगळीच्या पलीकडे, हावड्याच्या बाजूला वीज चमकली. मी मोजायला लागलो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. खेळ थांबवायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं मैदानावर पाऊल ठेवायचं नाही. सव्वीसला ढग गरजला.

पंच म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. त्याने माझ्याकडे पाहिलं. सामना धोकादायक झाला तर थांबवायचा अधिकार नियमाने पंचाला दिलेला आहे. पण एवढ्या ओरडणाऱ्या गर्दीत त्या वयात तो कोण वापरणार? मी हात वर केला आणि त्याने शिट्टी वाजवली.

मुली बसमध्ये बसल्या. बंद काचांच्या दोन बस आम्ही त्यासाठीच उभ्या ठेवल्या होत्या. प्रेक्षक मात्र सवयीने झाडांखाली पळाले, त्यांना तिथून हुसकताना माझ्या हवालदाराचा घसा बसला. मैदानातल्या क्लबांचे तंबू, मांडव, झाडं, यांतलं काहीच विजेपासून वाचवत नाही. पक्की इमारत किंवा बंद गाडी, बस. दर पाच-सात मिनिटांनी ढग गरजत राहिला आणि आमची तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू होत राहिली. अंधार पडला. गाडीची वेळ झाली. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे थांबल्या क्षणीचे गुण कायम धरले गेले. शहराचा संघ जिंकला.

पाऊस रुमाल भिजेल एवढाही पडला नाही. वीज मैदानात पडली नाही, आसपास कुठे पडल्याचंही कानावर आलं नाही. मळ्याच्या संघाची कर्णधार, पंधरा वर्षांची असेल, बसच्या पायरीवर उभी राहून मला म्हणाली, "सर, बिजली गिरी कहाँ?" आवाजात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "कहीं नहीं गिरी, बेटा." ती आत जाऊन बसली. आयोजकांपैकी एक गृहस्थ मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, फौजी लोक आजकाल ढगाला घाबरायला लागले.

म्हणजे हिशेब बघा. जिथे मी चुकलो तिथे शाबासकी मिळाली. जिथे बरोबर होतो तिथे एका मुलीचा वर्षभराचा सामना मी हिरावून घेतला आणि वर टोमणाही ऐकला. निर्णयाचं मोल लोक त्याच्या परिणामावरून करतात आणि हवामानाच्या बाबतीत हा फार वाईट न्याय आहे. जी वीज पडली नाही ती दाखवायची कुठून? नोव्हेंबर 2024 मध्ये पेरू देशात फुटबॉलच्या सामन्यात पंचाने वादळामुळे खेळ थांबवला, खेळाडू मैदानाबाहेर चालत निघाले आणि त्या चालण्यात वीज कोसळून एक खेळाडू गेला. शिट्टी वाजली होती. फक्त उशिरा वाजली. आपल्या देशात विजेने दरवर्षी अडीच हजारांच्या वर माणसं जातात, बहुतेक शेतात राबणारी. त्यांना शिट्टी वाजवायलाही कुणी नसतं.

फौजेत आम्ही हा प्रश्न कसा सोडवला आहे, ते सांगतो. नऊ हजार फुटांवर पोहोचलात की पहिले सहा दिवस शरीर हवेला सरावेपर्यंत थांबायचं. जवान असो की कर्नल. कितीही फिट असाल, कितीही घाई असेल, ते लिहिलेलं आहे आणि त्यावर वाद होत नाही. त्यामुळे तिथे कुणाला धाडस दाखवून 'थांबूया' म्हणावं लागत नाही, कागद म्हणतो. पोरांच्या खेळात मात्र आपण सगळं त्या क्षणावर सोडतो. गुण बारा-दहा असताना, पाहुणे बसलेले असताना, पोरं डोळ्यांनी विनवत असताना मोठ्या माणसाने ठरवायचं. तो कसा ठरवेल? पोर स्वतःहून थांबणार नाही. चौदाव्या वर्षी मीही थांबलो नसतो. आणि मोठ्यांना भित्रं दिसायची भीती पोरांपेक्षा जास्त असते, गणवेशातल्या मोठ्यांना तर फारच.

उन्हाळ्यात मॅच सकाळी किती वाजता संपलीच पाहिजे, बर्फ आणि पाण्याची टाकी कुठे असेल, वीज दिसली तर शिट्टी कोणाच्या सांगण्यावरून, मुलं कुठल्या इमारतीत जातील, सामना अर्धवट राहिला तर निकाल काय. हे आदल्या दिवशी एका कागदावर यायला हवं आणि दोन्ही संघांना वाचून दाखवायला हवं. पुण्याच्याच उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने काढलेलं 'दामिनी' अ‍ॅप फुकट आहे, जवळपास कुठे विजा पडताहेत ते सांगतं. माझ्या फोनमध्ये आहे. त्या संध्याकाळच्या निकालाबद्दल मात्र मी आजही स्वतःशी भांडतो. दोन्ही संघांना विजेते ठरवायची तरतूद आम्ही आधीच लिहून ठेवायला हवी होती. ते सुचलं नाही, ही चूक माझी. त्या मुलीला मी तेवढं तरी सांगायला हवं होतं.

तर बहिणीला विचारायला सांगितलेला प्रश्न हा: "वीज चमकली तर मॅच कोण थांबवणार आणि पोरं कुठे जाणार?"

रात्री तिचा फोन आला. कोच म्हणाले, "बघू तेव्हा. एवढं काही होत नाही हो." मी त्यांचा नंबर मागून घेतला आहे. उद्या सकाळी, परेड झाल्यावर, बोलतो. आणि ओमला सांगितलंय, जादा मोजे आणि कोरडा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ने, आजीला दाखवून.