केकवर फूल खोवण्यापूर्वी

वाढदिवसाचा केक घरीच केला, क्रीमही सुबक लागले, तरी काहीतरी अपुरे वाटत राहते. मग नजर बाल्कनीतल्या कुंड्यांकडे किंवा सोसायटीच्या बागेकडे जाते. गुलाबी फुलांचा एक झुबका खुडून केकवर खोवला की साधा केकही एकदम उठून दिसतो. पाहुणे कौतुक करतात, फोटो निघतात आणि पहिला तुकडा अर्थातच बच्चेमंडळींच्या ताटलीत जातो.

पण ते गुलाबी फूल कण्हेरीचे असले तर?

ही शंका उगाच नाही. २०२४ साली केरळमध्ये एका तरुणीचा मृत्यू झाला. तिने कण्हेरीचे पान आणि फूल चघळले असावे, असा संशय व्यक्त झाला. त्यानंतर मे २०२४ मध्ये तिथल्या त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी आपल्या देवळांतल्या नैवेद्य-प्रसादातून कण्हेरीचे फूल बाद केले. कण्हेरीच्या सर्व भागांत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवणारे विषारी घटक असतात. ते उकळून किंवा वाळवूनही जात नाहीत.

देवाला चालते, पोटाला नाही

आपल्याकडे फूल म्हणजे पवित्र, ही भावना लहानपणापासून रुजलेली असते. महादेवाला धोतरा वाहतात, मारुतीला रुईची माळ घालतात. पण देवाला चालते ते पोटाला चालतेच असे नाही. केकला टेकलेले फूल ही नुसती सजावट उरत नाही, तो खाण्याचाच एक भाग होतो. त्याचा रस, पराग, त्यावरची फवारणी सगळे क्रीममध्ये उतरू शकते. म्हणून केकवर फूल लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायला हवेत. फूल कोणते? ते कुठे वाढले? आणि ते केकवर कसे बसवणार?

ही फुले केकपासून दूरच ठेवा

कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी, धोतरा, रुई, कळलावी, घाणेरी आणि सदाफुली ही सारी आपल्या परिसरात सहज दिसणारी फुले. यातले एकही केकवर नको. धोतऱ्याने तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, माणूस भ्रमिष्टासारखा बडबडतो. सदाफुलीपासून कॅन्सरवरची औषधे तयार होतात. यावरूनच तिच्यातले घटक किती तीव्र असतील, हे लक्षात यावे. चाफा आणि पॉइन्सेटिया यांच्या देठातून निघणारा चीक त्वचेला आणि तोंडाला त्रास देतो. ज्या देठातून पांढरा चीक येतो ते फूल केकसाठी बाद, एवढे पक्के धरावे. मात्र चीक नाही म्हणजे फूल सुरक्षित, असा उलटा अर्थ काढू नये. फुलवाल्याकडची हायड्रेंजिया, डॅफोडिल आणि गुच्छात भरीला घालतात ती बारीक पांढरी जिप्सोफिला हीसुद्धा टाळलेली बरी.

मग चालणारी कोणती?

निराश होण्याचे कारण नाही. गुलाब तर गुलकंदामुळे आपल्या जिभेच्या ओळखीचाच आहे. त्याशिवाय जास्वंद, मोगरा, निळी गोकर्ण, झेंडूच्या पाकळ्या, कॅलेंडुला, पॅन्सी आणि नॅस्टर्शियम ही फुले वापरता येतात. भोपळ्याच्या आणि हादग्याच्या फुलांची भजी करणाऱ्या घरांना फुले खाण्यात नवल वाटायला नको. गुलाबाच्या पाकळीचे बुडाचे पांढरे टोक कडवट लागते, ते कात्रीने कापून टाकावे. जास्वंदीचा मधला दांडा आणि सर्वच फुलांचे पराग काढून टाकावेत. परागांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी, विशेषतः शेवंती-झेंडूच्या जातीच्या फुलांपासून, लांबच राहावे. फुलाची ओळख शंभर टक्के पटली नसेल तर मोह आवरावा.

बाजारातले फूल खाण्यासाठी नसते

फूल योग्य जातीचे असले म्हणजे काम झाले, असे नाही. बाजारातला गुलाब दिसण्यासाठी वाढवलेला असतो, खाण्यासाठी नव्हे. कीड आणि बुरशी लागू नये म्हणून त्यावर औषधे फवारतात. काही औषधे झाडाच्या आत भिनतात, ती नळाखाली धुऊन जात नाहीत. शेवंती आणि निशिगंधासारखी फुले कधी कधी रंगीत पाण्यात ठेवून रंगवतात. म्हणून गुच्छातली किंवा गजऱ्यातली फुले खाण्यासाठी वापरू नयेत. देव्हाऱ्यातली किंवा रस्त्याकडेच्या झाडाचीही नकोत.

उत्तम उपाय म्हणजे घरच्या कुंडीतले, औषध न मारलेले फूल. रोपवाटिकेतून नुकत्याच आणलेल्या रोपाची पहिली फुले सोडून द्या. त्यावर आधीच फवारणी झालेली असू शकते.

केकवर बसवण्याची पद्धत

फुले सकाळी खुडा. हलकेच झटकून किडे काढा, गार पाण्यात बुडवून घ्या आणि कोरड्या फडक्यावर पसरून पाणी टिपू द्या. मग झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. क्रीमच्या ओलाव्याने पाकळ्या लवकर मलूल होतात, म्हणून फुले अगदी शेवटी, केक टेबलावर नेताना लावा.

देठ थेट केकमध्ये कधीही खुपसू नका. स्वच्छ स्ट्रॉचा तुकडा घ्या, त्याचे खालचे टोक वितळलेल्या चॉकलेटने बंद करा, ते घट्ट झाले की देठ त्यात बसवा आणि मग स्ट्रॉ केकमध्ये रोवा. फुलवाल्याची हिरवी टेप आणि तार खाण्याच्या पदार्थासाठी नसते, तीही केकला लागू देऊ नका. विकतचे गुलाब वा जरबेरा लावायचेच असतील तर केकवर बटर पेपरची चकती ठेवून त्यावर मांडा आणि केक कापण्यापूर्वी चकतीसकट उचलून घ्या. विषारी फुलांना मात्र ही युक्तीसुद्धा चालणार नाही. ती केकवर नकोतच.

साखरेतल्या पाकळ्या

पाकळ्या आधीच करून ठेवायच्या असतील तर साखरेत घोळवा. या कृतीत एरवी कच्च्या अंड्याचा पांढरा भाग लावतात, पण कच्च्या अंड्यातून पोट बिघडण्याची भीती असते. त्याऐवजी १ चमचा खाण्याच्या डिंकाची पूड ३ चमचे खाण्याच्या गुलाबपाण्यात रात्रभर भिजवा आणि गाळून घ्या. गुलाबाच्या घरच्या पाकळ्यांना दोन्ही बाजूंनी ब्रशने हे पाणी पातळ लावा, वरून बारीक साखर भुरभुरा आणि पंख्याखाली कुरकुरीत होईपर्यंत वाळू द्या. हवाबंद डब्यात ठेवल्या की आयत्या वेळची धावपळ वाचते.

केक विकणाऱ्यांसाठी

घरून केक करून विकणाऱ्या भगिनींची जबाबदारी अधिक आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये अशा छोट्या व्यवसायालाही नोंदणी लागते. केकवर कोणते फूल आहे, ते खाण्याचे आहे की काढून टाकायचे, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्या. ग्राहकाने फोटो दाखवून एखाद्या विषारी फुलाचा हट्ट धरला तर तसेच फूल साखरेचे किंवा क्रीमचे करून देता येते. नम्रपणे नाही म्हटल्याने एखादी ऑर्डर कदाचित जाईल, पण विश्वास राहील.

चुकून खाल्लेच तर

मुलाने शंकास्पद फूल खाल्ले तर तोंडातले तुकडे काढून चूळ भरायला लावा. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय करू नका. त्रास दिसण्याची वाट न पाहता लगेच इस्पितळ गाठा आणि ते फूल, पान सोबत न्या. डॉक्टरांना त्याची मोठी मदत होते.

मुलांना रंगांची ओढ असते आणि केकवरचे सारे काही खायचेच असते, असे त्यांना वाटते. त्यात त्यांचे काय चुकले? म्हणून पारख मोठ्यांनीच करायची. फूल ओळखीचे, घरच्या कुंडीतले आणि नीट बसवलेले असेल तर केकचा तुकडा हातात घेणाऱ्या मुलाला कुणी अडवण्याची गरज पडणार नाही.