खिशात सिकलसेलचे कार्ड, हातात ‘ऑनलाइन डॉक्टर’ची गोळी



नवापुरात आमच्या अभ्यासिकेत एक मुलगा परवा सगळे गेल्यावर मागे थांबला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला आणि मग बॅगेतून एक डबा काढून आमच्यापुढे ठेवला. मोबाइलवर पुरुषांच्या आरोग्याची जाहिरात दिसली, चौदा-पंधरा प्रश्नांचा फॉर्म भरला, ‘एक्स्पर्ट’चा फोन आला आणि तीन महिन्यांचा ‘कोर्स’ घरपोच आला. डब्यात सिल्डेनाफिलच्या गोळ्या होत्या आणि ‘हर्बल’ म्हणून एक पावडर. डॉक्टरचे नाव कुठेच नव्हते. फॉर्ममध्ये ताण किती, झोप किती, केस गळतात का, हे सगळे विचारले होते. हाच मुलगा सिकलसेलचा रुग्ण आहे आणि त्याचे कार्ड त्याच्या पाकिटात होते. त्याबद्दल त्याला कुणी एका शब्दाने विचारले नव्हते.

गोळी त्याने अजून घेतली नव्हती. घेतली असती तर?

सिकलसेलच्या रुग्णाला लिंगाचा ताठरपणा तासन्‌तास न उतरण्याचा, त्यात वेदना होण्याचा धोका मुळातच असतो. चार तासांवर गेला तर ती तातडीची शस्त्रक्रियेची वेळ असते, उशीर झाला तर कायमचे नुकसान होते. म्हणूनच अशा रुग्णाला सिल्डेनाफिल सांभाळून द्यावे, असे या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. २००९ साली अमेरिकेत सिकलसेलच्या रुग्णांवर फुप्फुसातील रक्तदाबासाठी याच औषधाची चाचणी चालू होती. दुखण्याचे झटके वाढल्याचे दिसले आणि ती मध्येच बंद करावी लागली. आता विचार करा, रात्री दोन वाजता नवापूरच्या एखाद्या पाड्यावर हे घडले तर तो मुलगा कुठे जाईल? कुणाला सांगेल? लाजेने सकाळपर्यंत कुणालाच सांगणार नाही.

सिकलसेल हा कुणाचा आजार आहे, हे आम्ही आमच्या वाचकांना सांगायला नको. सातपुड्यातला भिल्ल, पावरा, गावित आणि विदर्भातला पूर्वाश्रमीचा महार, आजचा बौद्ध. जो फॉर्म आमच्या रक्ताची चौकशी करत नाही, तो आम्हाला गृहीत धरून बनवलेलाच नाही. आमचे पैसे मात्र त्याने गृहीत धरलेले आहेत. आमच्या भागात ऑनलाइन दवाखाना पारखण्याची पहिली कसोटी म्हणूनच ही: त्याने सिकलसेल विचारले का? हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, चालू औषधे विचारली का? छातीत दुखते म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणारा माणूस सिल्डेनाफिल घेईल, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे न विचारता गोळी पाठवणारा दवाखाना नाही, दुकान आहे.

कुणी म्हणेल, मग पोरांनी मोबाइलवर जायचेच कशाला? गावात डॉक्टर नाहीत का? आहेत. पण तिथला कंपाउंडर आपल्याच गावचा असतो, बाहेर बाकावर मामा बसलेला असतो, आणि डॉक्टर आधी आडनाव विचारतो, मग ‘तू’ म्हणून बोलतो. मुलगा एकांत शोधत मोबाइलकडे जातो, यात त्याची चूक नाही. चूक त्या एकांताचा धंदा करणाऱ्यांची आहे. पूर्वी रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर चुन्याने ‘गुप्तरोगी निराश न हों’ लिहिलेले असायचे, बाजाराच्या दिवशी खानदानी वैदूचा तंबू लागायचा. आजच्या ॲपचा रंग वेगळा, भाषा इंग्रजी मिसळलेली, पण माल तोच आहे: आधी तुला कमतरता आहे असे सांगायचे, मग ती भरून देतो म्हणायचे.

ही कमतरता कुणी शिकवली? वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हस्तमैथुनाने माणूस खंगतो, ब्रह्मचर्य हेच बळ. ही विद्या आमच्या पाड्यात किंवा बुद्धविहारात जन्मली नाही. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, स्वप्नदोष हा दोष नाही, ‘धातू जाणे’ हा बहुतेक वेळा आजार नसून भीती आहे. एवढे चार शब्द शाळेत सांगितले असते तर अर्धा बाजार उठला असता.

आणि हे सांगणाऱ्याचे काय झाले तेही आठवा. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. वाचक आपल्या लैंगिक अडचणी लिहून पाठवत आणि कर्वे सरळ उत्तरे देत. त्यावरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेबांनी. लोक प्रश्न विचारतात आणि त्यांना शास्त्रीय उत्तर मिळते, यात अश्लील काय, ही त्यांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. तरी बाबासाहेबांनी हा विषय सोडला नाही. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाच्या रोहमांनी मांडला. आणि आमच्या चळवळीतले काही ज्येष्ठ आज म्हणतात, हे विषय अभ्यासिकेत नकोत, पोरे बिघडतील! बाबासाहेब कोर्टात ज्यासाठी उभे राहिले, ते आपल्या अभ्यासिकेत बसवायला आपल्याला लाज वाटते.

आता कायद्याचे बोलू, कारण तेच आपले हत्यार आहे. २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की तपासणारा नोंदणीकृत डॉक्टरच हवा, त्याचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर हवा. कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र परस्पर औषध लिहून देऊ शकत नाही. सिल्डेनाफिल हे चिठ्ठीशिवाय न देण्याचे औषध आहे, आणि असे औषध पहिल्याच भेटीत द्यायचे तर व्हिडिओवर बोलणे हवे. नुसता फॉर्म आणि चॅट चालत नाही. तेव्हा नाव आणि क्रमांक मागा, राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या किंवा महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासा. ‘आमची टीम बघते’ असे उत्तर आले की फोन ठेवा. ‘सेक्सॉलॉजिस्ट’ या पाटीलाही भुलू नका, खाली पदवी कोणती ते वाचा. या तक्रारी बघतात ते युरॉलॉजिस्ट, त्वचा व गुप्तरोगाचे एम.डी., हार्मोनचे तज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ.

लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे हा १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे ज्या जाहिरातीवरून तुम्ही तिथे पोहोचलात, तीच पुष्कळदा बेकायदेशीर असते. ‘हर्बल आहे, साइड इफेक्ट नाही’ यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. अशा हर्बल पुड्यांमध्ये लपवून घातलेले सिल्डेनाफिल सापडल्याचे इशारे अमेरिकेचे औषध प्रशासन पुन्हा पुन्हा देत आले आहे. त्या मुलाची पावडर म्हणूनच आम्हाला गोळीपेक्षाही जास्त भीतीदायक वाटली.

तीन महिन्यांचे पैसे आधी मागणारा, फोटो मागणारा, ‘आज बुक करा नाहीतर उशीर होईल’ म्हणणारा, हे सगळे एकाच जातीचे. (जात हा शब्द इथे मुद्दाम वापरला.) फोटो पाठवून कुणी ब्लॅकमेल करत असेल तर १९३० वर फोन करा, गप्प बसू नका.

चांगला डॉक्टर ऑनलाइनही भेटतो, हे आम्ही नाकारत नाही. तो आधी साखर आणि रक्तदाब तपासून ये म्हणतो, कारण ताठरपणा कमी होणे ही कधी कधी मधुमेहाची किंवा हृदयाच्या आजाराची पहिली खूण असते. गरज नसेल तर औषध देत नाही. सरकारची ई-संजीवनी फुकट आहे. मनाची घालमेल असेल तर टेली-मानस १४४१६ आहे. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आणि गुप्तरोगासाठी ‘सुरक्षा’ क्लिनिक अशा योजना आहेत. योजना कागदावर आहेत की खोलीत डॉक्टरही बसतो, हे मात्र प्रत्येकाने आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन बघायचे आहे. नसेल तर तिथे निवेदन द्यायचे आहे. शिष्यवृत्तीसाठी देतो तसेच, सह्यांनिशी.

आमच्या स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. कंपनी तिसऱ्या राज्यात, डॉक्टर चौथ्या. तक्रार कुणाकडे, असे तो मुलगा विचारत होता. औषधाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, पैशाची १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर, डॉक्टरची त्याची नोंदणी ज्या परिषदेत आहे तिथे. तिन्ही अर्ज आम्ही त्याच्याबरोबर बसून लिहिले, त्याचे नाव बाहेर जाणार नाही याची काळजी घेऊन. डबा कपाटात कुलपात ठेवला आहे, पुरावा म्हणून.

येत्या रविवारी अभ्यासिकेत मुलांची बैठक आहे, सरकारी डॉक्टर येतो म्हणाले आहेत. प्रश्न नाव न लिहिता चिठ्ठीवर टाकता येतील. ज्यांची सिकलसेल तपासणी झालेली नाही त्यांनी ती आधी करून घ्यावी, आणि ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी ते सोबत आणावे.