विश्लेषण : चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीराचे कोणते प्रमाणपत्र तारापूरमध्ये चालेल?

अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकड्यांची चार वर्षांची सेवा २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागते. त्यातील जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. उरलेले ऐन पंचविशीत घरी परततील. वाणगाव परिसरातल्या तरुणासाठी नोकरीचे सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे पुढच्याच स्थानकावरचे बोईसर आणि तिथली तारापूर औद्योगिक वसाहत. लष्करात शिकलेले काम या कारखान्यांच्या दारात मोजले जाईल का, हे त्याच्या अंगातल्या कौशल्याइतकेच हातातल्या कागदांवर ठरणार आहे.

हा प्रश्न आताच का उभा राहिला?

जुन्या पद्धतीत जवान साधारण १५ वर्षे किंवा त्याहून जास्त सेवा करून निवृत्त होई. त्याला निवृत्तिवेतन मिळे आणि ‘माजी सैनिक’ हा दर्जाही मिळे. शिवाय दहावी उत्तीर्ण आणि १५ वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला, तांत्रिक पात्रतेची अट नसलेल्या केंद्राच्या ‘क’ गटातील पदांसाठी पदवीधरासमान मानण्याची तरतूद १९८६ पासून आहे. म्हणजे सेवेची वर्षेच पदवीचे काम करत.

अग्निवीराची सेवा चार वर्षांची. त्याला सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा करमुक्त ‘सेवानिधी’ मिळतो. मात्र निवृत्तिवेतन, उपदान आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. त्यामुळे १५ वर्षांच्या समकक्षतेचा फायदा त्याला नाही आणि माजी सैनिकांच्या राखीव जागांवरही आपोआप हक्क सांगता येत नाही. त्याला नागरी पात्रता वेगळी मिळवावीच लागते.

सेवेत असताना कोणती पात्रता मिळवता येते?

योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या म्हणजे ‘इग्नू’च्या तीन वर्षांच्या कौशल्याधारित पदवीची घोषणा झाली. या पदवीचे ५० टक्के श्रेयांक सैनिकी प्रशिक्षणातून धरले जातात. उरलेले ५० टक्के भाषा, अर्थशास्त्र, पर्यटन, व्यवसाय व्यवस्थापन अशा विषयांतून मिळवायचे असतात. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी, अशी रचना आहे. दहावीनंतर भरती झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावी करता येते. सेवा संपताना कौशल्य प्रमाणपत्रही मिळते.

यामागचा विचार साधा आहे : शिकण्याचे तास मोजायचे, मग ते वर्गात गेलेले असोत वा कार्यशाळेत. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ३० तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक आणि वर्षाला ४० श्रेयांक असा हिशेब आहे. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात किंवा लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’त घेतलेले प्रशिक्षण या हिशेबात बसवता येते.

मग अडचण कुठे आहे?

पदवीमुळे बँक, रेल्वे, लोकसेवा आयोग यांच्या परीक्षांचे दार उघडते. कारखान्याचे दार मात्र वेगळ्या किल्लीने उघडते. तारापूरमध्ये रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत. तिथल्या चांगल्या पगाराच्या कामांना त्या त्या कायद्याखालचा परवाना लागतो.

बॉयलर चालवायला बाष्पके संचालनालयाचे सक्षमता प्रमाणपत्र हवे. विद्युत जोडणीच्या कामाला राज्याचा तारतंत्री किंवा पर्यवेक्षक परवाना हवा. रसायनाचा टँकर चालवणाऱ्याच्या लायसन्सवर, धोकादायक मालाचे प्रशिक्षण घेतल्याची स्वतंत्र नोंद हवी. सैन्यात चार वर्षे जनित्रे सांभाळणारा किंवा अवजड वाहने हाकणारा तरुण या कामांत कच्चा नसतो. पण हे परवाने वेगवेगळी कार्यालये, वेगवेगळ्या नियमांखाली देतात. कौशल्य प्रमाणपत्रावरचा स्तर कितीही वरचा असला, तरी तो परवान्याची जागा घेत नाही.

नेतृत्वाचा अनुभव मोजला जातो का?

इथे दरी आणखी रुंद आहे. पायदळातला हवालदार दहाएक जवानांच्या सेक्शनची जबाबदारी घेतो. सुभेदाराला माणसे, शस्त्रे, दारूगोळा आणि शिस्त हे सारे सांभाळण्याचा वर्षानुवर्षांचा सराव असतो. कारखान्यातल्या पाळीप्रमुखाकडून यापेक्षा वेगळे काय अपेक्षित असते?

तरीही मोठ्या आणि धोकादायक कारखान्यात सुरक्षा अधिकारी होण्यासाठी महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांनी अभियांत्रिकी वा विज्ञानाची पात्रता, पर्यवेक्षणाचा अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची पदविका अशी चौकट घातली. अनुभवाची एक पायरी सुभेदाराकडे असते. उरलेल्या दोन बहुधा नसतात. पुनर्वसन महासंचालनालय निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांना नामांकित व्यवस्थापन संस्थांतील अभ्यासक्रमांना पाठवते. जवानांसाठीही अभ्यासक्रम आहेत, पण त्यांचा भर कौशल्याच्या प्रमाणपत्रांवर असतो.

सैनिकी अनुभवाची दखल नियमात स्पष्ट लिहिलेली सापडते ती खासगी सुरक्षा रक्षकाच्या कामात. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार नव्या रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण लागते. माजी सैनिकाला अनुक्रमे ४० आणि १६ तास पुरतात. माणसे सांभाळण्याचे कसब असलेला जवान कारखान्याच्या फाटकावरच का थांबतो, याचे एक उत्तर इथे आहे : तिथवरची वाट सोपी केली आहे, आतली नाही. त्यातही सवलतीचा शब्द ‘माजी सैनिक’ असा आहे आणि अग्निवीराला तो दर्जा नाही.

इतरत्र काय केले जाते?

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून तिथली शिक्षण परिषद सैनिकी अभ्यासक्रमांचे मूल्यमापन करून किती श्रेयांक द्यावेत याची शिफारस करते. सैनिकाला त्याची एकत्रित गुणपत्रिका मिळते. ब्रिटनमध्ये सैनिकी नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला नागरी व्यवस्थापन संस्थांची प्रमाणपत्रे जोडलेली असतात. दोन्हीकडे हे काम सैनिक सेवेत असतानाच सुरू होते.

सरकारी नोकरीचा मार्ग किती रुंद?

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा आणि वयाची सवलत २०२२ मध्येच जाहीर झाली. तारापूर अणुऊर्जा केंद्राची सुरक्षा सांभाळणारे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल त्यापैकीच एक. नौदलातील अग्निवीरांना व्यापारी जहाजांवर जाण्यासाठी नौवहन महासंचालनालयाने वेगळ्या योजना आखल्या. जवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली असली, तरी तिथल्या नोकऱ्या बंदर उभे राहील तशाच येतील.

पालघरच्या तरुणाने काय करावे?

पहिले, सेवेत असतानाच प्रत्येक प्रशिक्षणाचे नाव, तास आणि केलेले काम यांची लेखी नोंद अधिकृत सही-शिक्क्यासह जपावी. परत आल्यावर ती मिळवणे अवघड जाते. दुसरे, बारावी आणि पदवीची नावनोंदणी लांबवू नये. तिसरे, पदवीवरच न थांबता ज्या कामात जायचे त्याचा परवाना कोण देते आणि त्याला काय लागते, हे आधी पाहावे. अनुभवी कामगारांना खासगी उमेदवार म्हणून आयटीआयची परीक्षा देण्याची सोय आहे. १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवारी हाही कारखान्याच्या आत शिरण्याचा मार्ग आहे.

सरकारपुढचे काम मात्र याहून मोठे आहे. कोणत्या सैनिकी कामाचे किती तास कोणत्या परवान्यासाठी धरायचे, याचा कोष्टक केंद्र आणि राज्य यांनी मिळून ठरवला, तर बॉयलर, वीज आणि वाहतूक या तीन क्षेत्रांतच बराच फरक पडेल. नाही तर सेवानिधीतले पैसे खर्चून, जे काम येते तेच पुन्हा शिकण्याची वेळ या तरुणांवर येईल.