धूर बाहेर, वारा आत

गेल्या दिवाळीत आमच्या सासूबाई स्वैपाकघरात आल्याच नाहीत. चकल्यांची कढई तापली, की त्यांना ढास लागे. शेवटी आपण होऊन त्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या आणि दार लोटून घेतले. एकोणऐंशी वर्षांचे वय. त्यांतली चाळीस वर्षे कोकणात चुलीपुढे फुंकणी घेऊन काढलेली. छाती तपासताना डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो चुलीचाच!

पुढच्या दिवाळीच्या आत गॅसवर चिमणी बसवायचीच, असे मी त्याच दिवशी ठरवले.

"अगं, गॅसला कुठला आलाय धूर?" हे वर्तमानपत्राआडून म्हणाले.

पुष्कळ घरांतून हाच प्रश्न निघतो, आणि तो विचारणारे सहसा फोडणी घालणारे नसतात! लाकूड, शेणी, कोळसा यांच्यापेक्षा गॅस लाखपटीने बरा, हे खरेच. घरातल्या चुलींच्या धुरापायी २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण तापलेल्या तेलाचा धूर गॅसवरही निघतोच. कर्करोगाचे संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कडक आचेवरच्या तळणीचा धूर 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातला आहे. म्हणून कोणी चकल्या सोडाव्यात असे मुळीच नाही. धूर तेवढा घराबाहेर जावा.

आता बाहेर म्हणजे कुठे, इथेच सगळी मेख आहे. दुकानात दोन जातींच्या चिमण्या दिसतात. एकीला नळकांडे असते आणि ती धूर बाहेर टाकते. दुसरी बिननळ्याची, ती हवा कोळशाच्या थरातून गाळून पुन्हा स्वैपाकघरातच सोडते. वास थोडा कमी होतो, पण वाफ आणि उष्मा आपल्यापाशीच राहतात. शिवाय कोळसा वरचेवर बदलावा लागतो. आपल्या फोडण्यांपुढे तिचा टिकाव लागणे कठीण. भिंतीला भोक पाडणे शक्य असेल, तर नळकांड्याचीच घ्यावी.

आमची घेऊन झाली, आणि बसवायला आलेला कारागीर नळकांडे थेट धुणे वाळत घालायच्या गॅलरीत काढू लागला. "ताई, सगळे इथंच सोडतात." यांनीही मान डोलावली, कारण बाहेरची भिंत फोडायची म्हणजे सोसायटीला अर्ज आला! मी विचारले, "म्हणजे चकलीचा धूर माझ्या साड्यांना लावून पुन्हा याच दारानं आत घ्यायचा?" काम तिथेच थांबवले. परवानगी मिळायला तीन आठवडे गेले, पण सहा इंची नळकांडे सरळ बाहेर निघाले, एकाच वळणाने. प्रत्येक वळणाला चिमणीची ओढ कमी होते. बाहेरच्या तोंडाला झडप लावून घेतली. चिमणी घरात ठेवायची, तर पारवे बाहेर ठेवायलाच हवेत!

उंचीचेही असेच. शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर वर चिमणी असावी. नेमका आकडा तिच्याबरोबरच्या पुस्तिकेत असतो. खूण करताना स्वैपाक करणाराने स्वतः तिथे उभे राहावे. कारागीर आपल्या उंचीने माप घेत होता, आणि मी आहे पाच फूट एक इंच.

मग मी एक हिशेब केला. आमचे स्वैपाकघर आठ बाय दहा, उंची नऊ फूट. म्हणजे सुमारे वीस घनमीटर हवा. चिमणीच्या खोक्यावर छापले होते, तासाला १२०० घनमीटर. नळकांडे जोडल्यावर ओढ त्याहून कमीच भरते; पण छापील आकडा खरा धरला, तर दर मिनिटाला स्वैपाकघर रिकामे! मग तेवढी हवा आत येणार कुठून? खिडकी उघडी असेल तर खिडकीतून. नसेल, तर जिथून फट मिळेल तिथून, कदाचित न्हाणीघरातूनही. तिथे गॅसचा गीझर चालू असला, तर त्याचा जळका वायू उलटा घरात ओढला जाऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. चिमणी विकताना हे आम्हांला कोणी सांगितले नाही. चिमणी लावली, की खिडकी थोडी किलकिली ठेवायची आणि त्या वेळी गीझर लावायचा नाही, असा दंडक मी घरात घातला आहे. मुलगा कुरकुरतो, कुरकुरू दे!

बाकीचे सवयीचे आहे. फोडणीच्या आधीच बटण दाबावे, आणि गॅस बंद केल्यावरही चिमणी पाचेक मिनिटे चालू द्यावी. कढई मागच्या शेगडीवर ठेवावी. तिथला धूर अधिक नीट ओढला जातो. जाळीऐवजी पोलादी पट्ट्यांची गाळणी घेतली, तर तेलाने लवकर तुंबत नाही. मी दर पंधरवड्याला ती गरम पाण्यात साबण घालून भिजवते. पहिल्यांदा निघालेले ते पिवळे तेल पाहून हे वर्तमानपत्र ठेवून उठून आले. "एवढं?" म्हणाले. इतकी वर्षे ते कुठे जात होते, हे मी बोलले नाही.

परवा चकल्यांचा पहिला घाणा घातला, तेव्हा सासूबाई आपणहून आल्या आणि दाराशी स्टुलावर बसल्या. पंधरा मिनिटे झाली, ढास नाही. मग त्या काहीतरी म्हणाल्या; पण चिमणीची घरघर एवढी, की मला ओठ हललेले तेवढे दिसले. मी बटण बंद केले.

"काय म्हणालात, आई?"

"मोहन कमी पडलंय," त्या म्हणाल्या. "कडक होतील."