नकला आहेत, यादी कोठे आहे?

दक्षिण कोरियातील देजॉन शहरी त्या देशाच्या सरकारी संगणकव्यवस्थेचे एक प्रमुख केंद्र आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथे लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असता आग लागली आणि शेकडो सरकारी सेवा एका रात्रीत ठप्प झाल्या. सरकारने जाहीर केले, की ६४७ व्यवस्था बंद पडल्या आहेत. सुमारे दोन आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, हा आकडा दुरुस्त करून ७०९ सांगण्यात आला. मधल्या काळात आणखी ६२ व्यवस्था बिघडल्या होत्या असे नव्हे. तेथे काय काय चालते याची नोंद ठेवणारी जी संगणकीय वही, तीच त्या आगीने बंद पडली होती. ती पुन्हा उघडता आली तेव्हा कोठे सरकारला आपल्या हानीची खरी मोजदाद करता आली. सरकारी नोकरांच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइटांचा साठा बाहेर नक्कल नसल्यामुळे गेला, त्याची चर्चा जगभर झाली, आणि ती योग्यच होती. आमचे लक्ष मात्र त्या ६२च्या फरकाने वेधून घेतले.

कारण नक्कल ठेवावी, हे आता बहुतेकांस पटले आहे. सहकारी बँक असो, रुग्णालय असो, विद्यापीठ असो, तेथील मुख्य यंत्राचा, म्हणजे सर्व्हरचा, बॅकअप रात्री आपोआप घेतला जातो. पण या नकलेत काय असते? माहितीचे साठे असतात, लोकांच्या फायली असतात, बऱ्याच ठिकाणी यंत्राच्या मांडणीच्या नोंदीही असतात. ज्या सॉफ्टवेअरवर हे सारे चालते ते सहसा नसते. ते बाजारात मिळते, पुन्हा बसविता येते, मग त्याने जागा का अडवावी, असा हिशेब असतो. हिशेब चुकीचा नाही. फक्त पुन्हा बसवावयाचे ते नेमके कोणते आणि कितव्या आवृत्तीचे, हे लिहून ठेवावयाचे राहून जाते. एका साध्या सर्व्हरवरही अशी शेकडो लहानमोठी पॅकेजे असतात, आणि ती मुखोद्गत असणारा माणूस आम्हांस अजून भेटावयाचा आहे.

आम्ही शिक्षकी पेशात होतो तेव्हा प्रयोगशाळेचा कार्यभार एकाकडून दुसऱ्याकडे जाताना डेड स्टॉक रजिस्टर पुढ्यात घेऊन बसावे लागे. काचेची चंचुपात्रे किती, फुटली किती, तराजूची वजने पुरी आहेत की नाहीत, हे मोजल्यावाचून सही होत नसे. त्या वेळी आम्हांस हा प्रकार कारकुनी वाटे. लाखो रुपयांच्या संगणकव्यवस्था मात्र आज तोंडी कार्यभारावर एका हातातून दुसऱ्या हातात जातात.

यादी नसल्याने काय होते, याचा उत्तम दाखला गिटलॅब या कंपनीने स्वतःच जगापुढे मांडला आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका कर्मचाऱ्याने थकव्याच्या भरात भलत्याच यंत्रावरील माहिती पुसली. चूक ध्यानी येईतो सुमारे ३०० गिगाबाइटांतले जेमतेम साडेचार उरले होते. नकला काढावयास गेले तो नकलांची कोठी रिकामी! मुख्य माहितीसाठा पोस्टग्रेसच्या ९.६ या आवृत्तीवर होता, आणि रोजची नक्कल काढणारे हत्यार ९.२चे निघाले. जुने हत्यार नव्या साठ्याला हात लावण्यास नकार देऊन परत फिरत असे. या नकाराची सूचना ईमेलने निघे, पण त्या ईमेलवर योग्य स्वाक्षरी नसल्यामुळे तीही दारातच अडविली जाई. सुदैवाने सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत हाती लागली. तरी मधल्या काळातले सुमारे ५,००० प्रकल्प आणि जवळजवळ तितकेच अभिप्राय गेले. कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे, हे दोन कागद शेजारी ठेवून कोणी वाचले असते, तर ९.२ आणि ९.६ हा भेद शाळकरी मुलालाही दिसला असता.

दुसऱ्याच्या घरचे सांगून आपले झाकावे, हे बरे नव्हे. युनिकोड रुळण्यापूर्वीची आमची पाने एका विशिष्ट टंकसंचात जुळविली जात. त्या फायली आम्ही सीडींवर निष्ठेने जपल्या. काही वर्षांपूर्वी एका दिवंगत लेखकाची लेखमाला पुन्हा छापावी म्हणून त्या उघडल्या, तो पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा नुसता चिखल. एकही अक्षर हरवले नव्हते आणि एकही वाचता येत नव्हते. टंकसंच कोणता, जुळणीचे सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीचे, याची चिठ्ठी कोणी ठेवली नव्हती. ज्यांना ठाऊक होते ते जुळारी निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांना आठवले तेवढ्यावर निम्मे लेख उकलले. उरलेले छापील अंकांवरून पुन्हा टंकावे लागले, आणि दोन अंक आमच्याकडेही नव्हते.

या रोगावरचे औषध हास्यास्पद वाटावे इतके स्वस्त आहे. डेबियन, उबुंटू या कुळातल्या यंत्रांत डीपीकेजी, तर रेड हॅटच्या कुळात आरपीएम, हे साधन बसविलेल्या प्रत्येक पॅकेजचे नाव व आवृत्ती एका आज्ञेसरशी ओळीने छापून देते. रात्रीच्या स्वयंचलित बॅकअपने आधी ही यादी काढावी, मग नकलेस हात घालावा, आणि यादी रिकामी आली तर बॅकअपच फसला असे समजावे. हाताने बसविलेली सॉफ्टवेअरे या यादीत येत नाहीत; ती वेगळी नोंदवावी लागतात. पॅकेजे कोठून आणली, तेही लिहावे. सेंटओएस ७चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आणि तिची पॅकेजे नेहमीच्या कोठारांतून उठून जुन्या वस्तूंच्या तळघरात गेली. ज्यांच्याजवळ पत्ता नव्हता त्यांना यादी असूनही हुडकत बसावे लागले. आणि ही यादी त्याच यंत्रावर, त्याच इमारतीत ठेवून उपयोग नाही. देजॉनचे उदाहरण ताजे आहे.

कोणी म्हणेल, आम्ही सबंध यंत्राचीच प्रतिमा घेतो, यादी कशाला? तसे करणाऱ्यांचे आम्ही अभिनंदन करतो. परंतु यंत्रात घुसखोरी झाली असेल, तर प्रतिमेबरोबर घुसखोरही परत येतो. तेव्हा यंत्र नव्यानेच उभारावे लागते आणि यादीवाचून गत्यंतर नसते. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या दोन आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसविल्याचे उघड झाले. ज्यांच्याजवळ रोजच्या तारखेची यादी होती, त्यांना ती आवृत्ती आपल्याकडे कधी आली, किती दिवस राहिली, याचे उत्तर जुन्या याद्या चाळून मिळणार होते. इतरांना आज ती नाही एवढेच सांगता आले असते. यादी चोराच्या हाती पडली तर त्याचे फावेल, ही शंका मात्र रास्त आहे. म्हणून नकलेइतकीच तीही कुलूपबंद असावी.

जन्ममृत्यूचे दाखले, मालमत्ताकराचे हिशेब, रुग्णांचे केसपेपर आता यंत्रांतच आहेत. महापालिका आणि इतर सार्वजनिक संस्था संगणकसेवेच्या निविदा काढतात, तेव्हा रोजच्या बॅकअपची अट त्यांत असते. सॉफ्टवेअरची तारीखवार यादी नकलेसोबत आणि वेगळ्या जागी ठेवावी, आणि वर्षातून एकदा त्या यादीवरून कोऱ्या यंत्रावर सारे उभारून दाखवावे, ही अट त्यांत घालावी, अशी आमची मागणी आहे. तिला दमडीचा खर्च नाही असे आम्ही म्हणत नाही. वर्षातून एक कोरे यंत्र आणि दोन माणसांचे काही दिवस लागतील.

आमच्या कचेरीत ही यादी गेल्या महिन्यापासून रोज रात्री नकलेबरोबर बाहेर जाऊ लागली आहे. पहिल्याच रात्रीच्या यादीत तीन सॉफ्टवेअरे अशी निघाली, की ती कोणी बसविली आणि कशासाठी, हे कचेरीत कोणालाही सांगता आले नाही. त्यांची चौकशी चालू आहे.